कंपनीची लेन्स घ्यायची का थर्ड पार्टी? सातारा-सांगलीकडच्या फोटोवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स थोडे दिवस वापरली की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, आता दुसरी कुठली घेऊ, आणि कंपनीचीच घेऊ का सिग्मा-टॅमरॉन चालेल. साताऱ्यात राजवाड्यावर चहा पिताना, सांगलीत लग्नाच्या स्टेजमागं, कासला जाणाऱ्या गाडीत, सगळीकडं पोरं हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. लेन्सवर नाव कुणाचं आहे हे सगळ्यात शेवटी बघायचं. त्याआधी तुमच्या कॅमेऱ्याचं माउंट (लेन्स जिथं बसते ती कडी) कुठलं, तुम्ही नक्की काढता काय, आणि उद्या बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे बघायचं. एवढं ठरलं की नावाचा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही.

थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट का ओ?

नाही, अजिबात नाही, आणि हा गैरसमज आधी काढून टाका. कॅमेरा कॅननचा, निकॉनचा, सोनीचा आणि लेन्स दुसऱ्याच कंपनीनं बनवलेली, एवढाच थर्ड पार्टीचा अर्थ. टॅमरॉन १९५० पासून लेन्स बनवतीय, सिग्मा १९६१ पासून, आणि सिग्माचा कारखाना आजही जपानमध्ये आइझूला आहे. टोकिना पण तेवढीच जुनी. कोरियाची सॅमयांग १९७२ ची. अलीकडं चीनच्या व्हिलट्रॉक्स, लाओवा, टीटीआर्टिझन, सेव्हनआर्टिझन्स, मायके, योंगनुओ अशा बऱ्याच कंपन्या आल्यात, त्यातल्या काही खरंच चांगलं काम करतात आणि काहींचं बघून-तपासून घ्यावं लागतं. म्हणजे थर्ड पार्टी हा एक गठ्ठा नाहीच, सिग्माची वरच्या दर्जाची आर्ट सिरीज आणि एखादी साधी मॅन्युअल, म्हणजे हातानं फोकस करायची लेन्स यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अजून एक सांगतो. निकॉनची झेड माउंटची २८-७५ एफ २.८ बघा (२८-७५ हे एमएम, आकडा लहान तेवढं रुंद दिसतं, मोठा तेवढं लांबचं जवळ येतं; एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, आकडा लहान तेवढा उजेड जास्त), नाव निकॉनचं, पण आतली काचांची रचना, १२ ग्रुपमध्ये १५ काचा, टॅमरॉनच्या पहिल्या २८-७५ शी जुळते. सोनीनं तर टॅमरॉनचे शेअर घेऊन ठेवलेले. त्यामुळं 'ओरिजिनल' आणि 'बाहेरची' अशी जी भिंत आपण मनात बांधतो ती या धंद्यात एवढी पक्की नाही.

डुप्लिकेटच्या जवळ जाणारी एक वस्तू मात्र आहे, ती म्हणजे लेन्सच्या पुढं फिल्टरसारखं आटे फिरवून लावायचं 'वाइड कन्व्हर्टर' नाहीतर 'टेली कन्व्हर्टर', ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतं, ट्रायपॉड आणि पुसायच्या कापडासोबत कॉम्बोत येतं. ते घेऊ नका. फोटोचे कोपरे पार वितळल्यासारखे येतात.

मग यांच्या लेन्सेस स्वस्त कशा काय पडतात?

यांना कॅमेरा बनवायचा नसतो, त्यामुळं बॉडीच्या संशोधनाचा खर्च नाही. एकदा काचांचं डिझाइन केलं की तेच सोनी, निकॉन, फुजी, एल माउंट अशा वेगवेगळ्या माउंटमध्ये विकता येतं, खर्च वाटला जातो. आणि तिसरं म्हणजे ते कुठंतरी काहीतरी कमी करतात, हे कमी केलेलं काय आहे ते शोधणं हेच खरं तुमचं काम.

उदाहरण घ्या. सोनीची २४-७० जीएम दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची, फिल्टर ८२ चा. टॅमरॉनची २८-७५ जी२ (म्हणजे दुसरी आवृत्ती) ही ५४० ग्रॅमची, फिल्टर ६७ चा, आणि किंमत पुष्कळच कमी. दोन्ही एफ २.८. मग कमी काय केलं? २४ च्या जागी २८ केलं. कागदावर चार एमएमचा फरक किरकोळ वाटतो, पण वाईच्या जुन्या वाड्यात माजघरात हळद चाललीय, पाठ भिंतीला टेकलेली आणि समोर बारा बायका बसल्यात, तिथं २८ ला दोन्ही कडेच्या मावश्या कापल्या जातात. हॉलमध्ये, लॉनवर काम करणाऱ्याला हा फरक कधी जाणवणारच नाही. तर असं आहे, स्वस्त का हे शोधायचं आणि ते जे कमी केलंय ते तुमच्या कामात रोज लागतं का हे स्वतःला विचारायचं.

उलटं पण होतं बरं का. कॅनन आपल्या महागड्या एल सिरीज सोडून बाकी लेन्ससोबत हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची ऊन अडवणारी टोपी) देत नाही, वेगळा विकत घ्यावा लागतो, सिग्मा-टॅमरॉनच्या बॉक्समध्ये हूड येतो.

माझ्या कॅमेऱ्याला थर्ड पार्टी लेन्स बसतील का? कुठल्या माउंटला काय मिळतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि लोक हा लेन्स घेताना विचारतात, खरं तर कॅमेरा घेतानाच विचारायला पाहिजे.

सोनी ई माउंट: इथं सगळ्यात जास्त मोकळीक. सोनीनं २०११ मध्येच माउंटची मूळ माहिती बाकीच्या कंपन्यांना खुली केली, त्यामुळं सिग्मा, टॅमरॉन, व्हिलट्रॉक्स, सॅमयांग सगळ्यांच्या ढिगानं लेन्सेस आहेत. पण पूर्ण मोकळीक नाही. ए१, ए९ सारख्या वेगवान बॉडीवर थर्ड पार्टी लेन्स लावली की सेकंदाला १५ फोटोंच्या पुढं जाता येत नाही, सोनीचा टेलीकन्व्हर्टर (वर सांगितलेला स्वस्तातला नाही, बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसून पोच वाढवणारा) थर्ड पार्टी लेन्सला लागत नाही, आणि व्हिडिओत फोकस बदलताना फ्रेम लहान-मोठी होते ती सावरणारं जे ब्रीदिंग कॉम्पेन्सेशन आहे ते सोनीच्या ठराविक लेन्सवरच चालतं. लग्नवाल्याला यातलं काही अडत नाही. बैलगाडी शर्यत काढणाऱ्याला पहिलं अडू शकतं, पण ते पण बॉडी तेवढी महागडी असेल तरच.

कॅनन आरएफ: इथं लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर. २०१८ मध्ये कॅननने हे नवीन माउंट आणलं आणि बाकीच्यांना दार लावून घेतलं. व्हिलट्रॉक्सनं आरएफसाठी ऑटोफोकस लेन्सेस काढल्या होत्या, त्या २०२२ मध्ये कॅननच्या सांगण्यावरून बंद कराव्या लागल्या. मग २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला कॅननचं लायसन्स मिळालं, पण ते एपीएस-सी म्हणजे छोट्या सेन्सरच्या लेन्सेससाठी. त्यामुळं आर५०, आर१०, आर७ या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावाल्यांची आता चांगली सोय झालीय, सिग्माची १८-५० एफ २.८, १०-१८ एफ २.८, आणि १६, २३, ३०, ५६ च्या एफ १.४ लेन्सेस, टॅमरॉनची ११-२०, हे सगळं आरएफमध्ये आहे. आर८, आर६ अशी फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी असेल तर ऑटोफोकसवाल्या थर्ड पार्टीच्या भरवशावर कॅमेरा घेऊ नका, घेण्याच्या दिवशी दुकानात ताजी यादी बघा. छोट्या सेन्सरची लेन्स फुल फ्रेमवर बसते, नाही असं नाही, पण कॅमेरा फोटो कापून टाकतो आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो साडेनऊच्या आसपास राहतो.

आर५० आणि आर१० वाल्यांना एक वेगळी सूचना, तुमच्या बॉडीत सेन्सर हलवून थरथर सावरणारी यंत्रणा नाही आणि सिग्माच्या त्या १८-५० मध्ये पण स्टॅबिलायझेशन नाही. फोटोला चालून जातं. हातात धरून व्हिडिओ काढणार असाल तर हलतं, सरळ सांगतो.

निकॉन झेड: अधलं-मधलं. टॅमरॉनच्या बऱ्याच फुल फ्रेम लेन्सेस आहेत, २८-७५, ३५-१५०, १५०-५००, ९० मॅक्रो (अगदी जवळून बारीक वस्तू मोठी काढणारी). सिग्माच्या मात्र छोट्या सेन्सरच्या १६, ३०, ५६ अशा मोजक्याच.

फुजी एक्स: २०२० नंतर दार उघडलं, आता सिग्मा-टॅमरॉन-व्हिलट्रॉक्स सगळे आहेत. पॅनासोनिकच्या फुल फ्रेमवाल्यांनी काळजीच करू नये, एल माउंटच्या २०१८ च्या करारात लायका आणि पॅनासोनिकसोबत सिग्मा स्वतःच आहे.

आपल्याकडं जुना डीएसएलआर आहे, त्याला काय?

तुमची तर चंगळ आहे. कॅननचं ईएफ माउंट १९८७ चं, निकॉनचं एफ १९५९ चं, एवढ्या वर्षांच्या लेन्सेस बाजारात पडल्यात आणि लोक मिररलेसकडं, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडं, चालल्यामुळं सेकंड हँडमध्ये स्वस्तात निघतायत. सिग्मा १७-५० एफ २.८, सिग्मा १८-३५ एफ १.८ (पूर्ण झूमभर एफ १.८ राहणारी जगातली पहिली डीएसएलआर लेन्स, २०१३ ची), टॅमरॉन ९० मॅक्रो, या आजही मस्त चालतात.

निकॉनवाल्यांनी एकच बघायचं, डी३००० आणि डी५००० च्या मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. लेन्समध्ये मोटर नसेल तर ऑटोफोकस होणार नाही, मग ती लेन्स निकॉनची असो नाहीतर टोकिनाची.

आणि कॅननच्या नव्या बॉडीवर सिग्माची लेन्स लावून फोटोत गोल गोल रेषा किंवा विचित्र रंग दिसले तर लेन्स खराब म्हणून परत करायला पळू नका. कॅमेऱ्याच्या मेनूत लेन्स अ‍ॅबरेशन करेक्शन आहे ते सगळं बंद करा, सिग्मानं स्वतःच काही लेन्सेससाठी हे सांगितलंय.

लग्नाचं काम आहे, ऑटोफोकस दगा देणार नाही ना?

हा प्रश्न काळजीचा आहे आणि काळजी बरोबर आहे, कारण मंगलाष्टका परत होत नाहीत. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच येतो, त्या वेळी लेन्स इकडं-तिकडं शोधत बसली तर तुमची सबब कोण ऐकणार.

मिररलेसवर नवीन थर्ड पार्टी लेन्स म्हणाल, म्हणजे सोनीवर टॅमरॉनची नवी २८-७५ किंवा सिग्माची आर्ट, तर लग्नासाठी बिनधास्त घ्या. डोळा पकडून फोकस करायचं डोकं कॅमेऱ्याचं असतं, लेन्सनं फक्त सांगितल्या जागी पटकन आणि आवाज न करता जायचं असतं, आणि आताच्या लिनियर मोटर ते करतात. अक्षता पडायला लागल्या की फोकस अक्षतांवर जातो अशी तक्रार ऐकतो मी पुष्कळ, त्यात दोष लेन्सचा नसतो, कॅमेऱ्यात फोकस किती चटकन दुसऱ्या वस्तूवर उडी मारणार याची सेटिंग असते ती कमी करा आणि डोळ्याचं डिटेक्शन चालू ठेवा.

डीएसएलआरवर गोष्ट वेगळी. तिथं फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो काढणारा वेगळा, त्यामुळं एखाद्या लेन्सचा फोकस सतत थोडा पुढं किंवा थोडा मागं पडू शकतो, एफ १.८, एफ २.८ ला लगेच कळतं, नवरीच्या डोळ्याऐवजी नथीवर किंवा कानातल्यावर शार्पनेस येतो. हे कंपनीच्या लेन्समध्ये पण होतं पण थर्ड पार्टीत जास्त ऐकायला मिळतं कारण कॅननची-निकॉनची आतली भाषा त्यांनी स्वतः उलगडून बसवलेली असते. ८०डी, डी७५०० अशा बॉडीत हे दुरुस्त करायची सोय असते, १५००डी किंवा डी५६०० मध्ये नसते. ज्यांच्या बॉडीत नाही त्यांनी सिग्माची यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनची टॅप-इन कन्सोल चालणारी लेन्स घ्यावी, लेन्स त्या चकतीवर लावायची, कॉम्प्युटरला जोडायची आणि लेन्समध्येच फोकस सरकवायचा. मिररलेसला फोटोच्या सेन्सरवरच फोकस मोजला जातो म्हणून ही कटकट नाही.

आणि काही असो, नवीन लेन्स घेऊन थेट ऑर्डरवर जाऊ नका. घरातल्या कुणाच्या तरी बारशाला, वाढदिवसाला आधी वापरा.

कासला फुलं काढायची आहेत, मॅक्रो लेन्स कंपनीचीच लागते का?

नाही. मॅक्रो हा असा प्रकार आहे जिथं मी डोळे झाकून थर्ड पार्टीकडं बघा म्हणेन. टॅमरॉनची ९० एमएम मॅक्रो १९७९ पासून वेगवेगळ्या रूपात येतीय आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वापरलीय, २०२४ मध्ये तिची सोनी ई आणि निकॉन झेडसाठी मिररलेसची आवृत्ती आली. सिग्माची १०५ मॅक्रो आर्ट सोनी आणि एल माउंटला आहे, काचेसारखी स्वच्छ. लाओवाच्या १०० एमएमला तर दुप्पट मोठं येतं, म्हणजे १ सेंटिमीटरचं फूल सेन्सरवर २ सेंटिमीटरचं.

मॅक्रोत ऑटोफोकसची फार गरजच नसते. एवढ्या जवळून फोकसची जागा मिलिमीटरात असते, तुम्ही श्वास घेतला तरी सरकते, म्हणून बरेच जण फोकस ठरवून कॅमेराच मागं-पुढं करतात. मग मॅन्युअल लेन्स काय वाईट?

आता कासची खास गोष्ट. सीतेची आसवं, गेंद ही फुलं नखाएवढी, आणि पठारावर वाट सोडून आत जायचं नाही, जायचंच नाही, फुलं तुडवून काढलेल्या फोटोला मी फोटो म्हणत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत कास जागतिक वारशात गेलं ते याच फुलांमुळं. म्हणजे फूल तुमच्याकडं येणार नाही आणि तुम्ही फुलाकडं जाऊ शकत नाही, तर लेन्सनं ते अंतर भरायचं. म्हणून ५०-६० ची छोटी मॅक्रो स्वस्त दिसली तरी घेऊ नका, ती पूर्ण मोठं दाखवायला फुलाच्या पार नाकाला लावावी लागते. ९०, १००, १०५ घ्या. वाटेपासून लांबच्या फुलांसाठी ७०-३०० सारखी टेली लेन्स जी जवळून फोकस करते ती पण छान चालते, तेरड्याचा अख्खा गुलाबी पट्टा मागं दाबून आणता येतो.

वारा मात्र कुठल्याच कंपनीला थांबवता येत नाही, सकाळी लवकर जा, आणि सीझनला गर्दी असते, बुकिंग आधी करून ठेवा.

मायणीला, सागरेश्वरला पक्षी-प्राणी काढायचे आहेत, ६०० एमएम कुठली?

पक्ष्यांना पोच लागते आणि पोच महाग असते, इथंच थर्ड पार्टीनं सामान्य माणसाचं भलं केलंय. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि टॅमरॉनची १५०-६०० जी२ या दोघींनी डीएसएलआरवाल्या हौशी लोकांना ६०० परवडवलं. दोन्ही दोन किलोच्या आसपास, दिवसभर गळ्यात घालून फिरायच्या नाहीत, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या.

पण आता कंपन्या पण जाग्या झाल्यात. सोनीची २००-६००, निकॉनची १८०-६०० या झूम करताना लांबीला वाढत नाहीत, तोल बिघडत नाही, आणि कॅननची आरएफ १००-४०० तर ६३५ ग्रॅमची, एफ ५.६-८ आहे म्हणून सकाळच्या कमी उजेडात रडते पण सूर्य वर आल्यावर हलकी म्हणून फार सोयीची. इथं माझा सल्ला असा, सोनी आणि निकॉन झेडवर पैसे जमत असतील तर कंपनीची घ्या, कारण उडत्या पक्ष्यात ऑटोफोकसचा शेवटचा कस लागतो आणि टेलीकन्व्हर्टरचं दार उघडं राहतं. जमत नसतील तर टॅमरॉनची १५०-५०० घ्या, वाईट वाटून घेऊ नका. कॅनन आरएफवाल्याला सेकंड हँड ईएफ माउंटची सिग्मा १५०-६०० आणि कॅननचा अ‍ॅडॅप्टर असा जोड लावता येतो, पण आधी स्वतःच्या बॉडीवर लावून बघूनच.

सागरेश्वरला चितळ-सांबर एवढे लांब नसतात, तिथं ४०० पुरतं.

पालीची यात्रा, बावधनचं बगाड, धुळीत-भंडाऱ्यात कुठली लेन्स टिकते?

पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हा हवाच पिवळी होते. हळदीची पूड एवढी बारीक की जी लेन्स झूम करताना लांब होते ती श्वास घेतल्यासारखी पूड आत ओढते. बावधनच्या बगाडाला रंगपंचमीला धूळ आणि ऊन, थोसेघरला पावसाळ्यात तुषार. आपल्याकडं लेन्सचे हाल करणाऱ्या जागा कमी नाहीत.

इथं नाव बघू नका, माउंटच्या धातूच्या कडेला रबराची बारीक रिंग आहे का ते बघा. कॅननच्या स्वस्त ५० एफ १.८ ला ती नाही, कंपनीची असून नाही. टॅमरॉनच्या २८-७५ ला ओलाव्यापासून संरक्षण आहे, थर्ड पार्टी असून आहे. आणि लेन्स सील केलेली असली तरी बॉडी तशी नसेल तर उपयोग अर्धाच. भंडाऱ्यात एक काम नक्की करा, लेन्स बदलू नका, जी लावून गेलाय तीच घेऊन परत या, घरी आल्यावर आधी ब्लोअरनं उडवा मग कापड लावा. आधी कापड लावलं तर पूड काचेवर घासली जाते.

शार्पनेस कुणाचा जास्त?

आताच्या चांगल्या लेन्सेसमध्ये हा प्रश्न जवळपास संपलाय. इन्स्टाला, अल्बमला, १२ बाय १८ च्या प्रिंटला सिग्मा आर्ट आणि कंपनीची लेन्स शेजारी ठेवून कुणाला ओळखता येणार नाही. फरक दिसलाच तर दिवा फ्रेममध्ये आल्यावर फ्लेअर (उजेडाचे डाग) कसा येतो आणि चेहऱ्याचा रंग थोडा पिवळा की गार यात दिसतो. दोन कॅमेऱ्यांवर दोन कंपन्यांच्या लेन्स लावून एकाच लग्नाचा अल्बम करणाऱ्यांनी रंग जुळवायला वेळ धरून ठेवावा.

पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स), ५० एफ १.८, ती कुठली घेऊ?

कंपनीची. इथं थर्ड पार्टीनं वाचणारे पैसे थोडे आणि बऱ्याच कंपन्यांची ५० तशीही स्वस्तातल्या लेन्समध्येच येते. फक्त कॅमेरा छोट्या सेन्सरचा असेल तर ५० ही कॅननवर ८० सारखी आणि निकॉन-सोनीवर ७५ सारखी दिसते, पोर्ट्रेटला छान, घरातल्या खोलीत मात्र मागं सरकायला जागा उरत नाही. घरातल्या लहान पोरांचे फोटो काढायचे असतील तर सिग्माची ३० एफ १.४ बघा, त्या जागी मी थर्ड पार्टीच घेईन.

कॅमेरा अपडेट केल्यावर लेन्स बंद पडते म्हणतात, खरं का?

होऊ शकतं. कॅमेऱ्याचं नवीन फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, आलं की लायसन्स नसलेली लेन्स कधी कधी अडखळते. उपाय असा की लेन्सचं फर्मवेअर बदलता येतं का हे घेतानाच बघा. टॅमरॉनच्या बऱ्याच नव्या लेन्सेसना अंगावरच यूएसबी-सी चं भोक आहे, व्हिलट्रॉक्सच्याही बऱ्याच लेन्सना तसं आहे, सोनीवरच्या सिग्मा लेन्स कॅमेऱ्यातूनच अपडेट होतात. ज्या लेन्सला अपडेटचा काहीच मार्ग नाही ती ऑटोफोकसची लेन्स घेऊ नका. आणि लग्नसराई चालू असताना बॉडीचं अपडेट करूच नका, तुळशीच्या लग्नाआधी करून ठेवा नाहीतर सीझन संपल्यावर.

सोनीची लेन्स निकॉनला, निकॉनची कॅननला असं बसतं का?

अ‍ॅडॅप्टरनं काही बसतं. माउंटपासून सेन्सरचं अंतर ज्याचं जास्त त्याची लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर बसू शकते, कॅनन ईएफ ४४ एमएम, निकॉन एफ ४६.५, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. म्हणून जुन्या डीएसएलआरच्या लेन्स नव्या मिररलेसवर येतात, उलटं होत नाही. कॅननचा ईएफ ते आरएफ अ‍ॅडॅप्टर फार चांगला, लेन्स मूळचीच असल्यासारखी चालते. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर नाही, स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या स्क्रूच्या लेन्सला ऑटोफोकस मिळणार नाही.

वॉरंटी आणि दुरुस्तीचं काय?

आता सगळ्यात रुक्ष पण सगळ्यात कामाचं. बिल जीएसटीचं, त्यावर लेन्सचा सिरीयल नंबर, आणि वॉरंटी कार्ड भारतातल्या अधिकृत वितरकाचं. हे तिन्ही नसेल तर ती बाहेरून परस्पर आलेली वस्तू आहे, थोडे हजार वाचतात आणि बिघडल्यावर कुणी दारात उभं करत नाही. हे कंपनीच्या लेन्सला पण तेवढंच लागू.

दुकानात सरळ विचारा, सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात, लेन्स तुम्ही पाठवणार का मला पुण्याला न्यावी लागणार, साधारण किती दिवस लागतात. मोठ्या जुन्या कंपन्यांचं उत्तर मिळतं. नवीन चिनी ब्रँडच्या बाबतीत बऱ्याचदा दुरुस्ती नसतेच, वॉरंटीत असेल तर बदलून, नसेल तर कचऱ्यात, म्हणून त्यांच्यावर एवढेच पैसे लावा जेवढे गेले तरी तुमचं काम थांबणार नाही. ज्याचं पोट कॅमेऱ्यावर आहे त्यानं मुख्य लेन्स दुरुस्त होणारीच घ्यावी, मग ती कुणाचीही असो.

सेकंड हँड घेताना काय तपासू?

कंपनीच्या लेन्सला परत विकताना भाव जरा चांगला येतो, म्हणजेच सेकंड हँड घेताना थर्ड पार्टीत तुमचा फायदा जास्त. स्वतःचा कॅमेरा घेऊन जा, फोटोवरून ठरवू नका. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सोडून द्या, दोन-चार धुळीचे कण असले तर काही बिघडत नाही. झूम रिंग पूर्ण फिरवा, मध्येच जड-हलकी लागते का बघा. लेन्स खाली तोंड करून धरली की स्वतःहून लांब होते का, आतल्या अ‍ॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेल आलंय का, मागचे पितळी पॉइंट झिजलेत का.

मग भिंतीवर एक पेपर चिकटवा, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर ट्रायपॉडवर ठेवा आणि सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरला फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा जास्त पुसट असेल तर आतली काच तिरकी झालीय, लेन्स कधीतरी पडलेली असणार. ही चाचणी नवीन लेन्सला पण करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

घरी बुरशी लागू नये म्हणून काय करायचं?

आपल्याकडचा पावसाळा, त्यात महाबळेश्वर-पाचगणीकडं राहणाऱ्यांना तर चार महिने भिंती ओल्या, बुरशी नाव बघून लागत नाही. बॅगेत लेन्स बंद करून ठेवणं हे सगळ्यात वाईट, बॅगेचं कापड ओल धरून ठेवतं. परवडलं तर ड्राय कॅबिनेट, नाहीतर झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहील असं बघा. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, रंग बदलला की तापवून परत वापरता येतं. एसी गाडीतून एकदम कासच्या धुक्यात कॅमेरा काढू नका, आधी बॅगेतच थोडा वेळ बाहेरच्या हवेत ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते. आणि लेन्स वापरत राहा, डब्यात वर्षभर पडून असलेली लेन्स महिन्यातून एकदा तरी काढून उजेडात टॉर्च मारून बघा, सुरुवातीचा ठिपका दिसला तर साफ होतो, धागे पसरून कोटिंग खाल्लं की नाही होत.